लग्नाचा चौक, लग्नाचे कर्ज

मंडळी, आजच्या व्याख्यानाला संयोजकांनी ‘बालकाची घडण : पालक आणि परिसर’ असे भारदस्त नाव दिले आहे. नाव चांगलेच आहे. पण त्यावर बोलायला सुरुवात करण्यापूर्वी आम्हाला एक कबुली द्यायची आहे.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंबिवलीतल्या एका शाळेच्या पालकसभेत आम्ही जवळपास याच विषयावर बोललो होतो. अशा वेळी वक्त्याकडे उदाहरणे तयारच असतात. जिजाऊ आणि शिवबा, साने गुरुजींचा श्याम आणि त्याची आई. ती आम्ही वापरली, टाळ्या घेतल्या आणि शेवटी ठासून सांगितले, की मूल बिघडले तर जगाकडे बोट दाखवू नका, आधी घर बघा, घरातली आई बघा. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “सर, मी सकाळी पावणेसहाला घर सोडते. सात घरची कामं करते. रात्री येते तेव्हा पोरगा झोपलेला असतो. संस्कार कधी करू, तेवढं सांगा.” सभागृहात थोडी खुसखुस झाली. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, वेळ संपल्याचे जाहीर केले आणि आभार मानले. आम्ही चहा घेतला, नारळ घेतला आणि घरी आलो. बाईंचा प्रश्नही बरोबर घरी आला, आणि तो अजून आमच्याकडेच आहे.

म्हणून आज जिजाऊ नाहीत आणि श्यामही नाही. आज आपण एका भिंतीपाशी जाऊन बसणार आहोत.

पण त्याआधी ‘संस्कार’ या शब्दाचे थोडे बघू. आमचा धंदाच तो, त्याला इलाज नाही. आपल्याकडे संस्कार म्हटले की डोळ्यांपुढे संस्कारवर्ग येतो, शुभंकरोती येते, ‘त्या घरचे संस्कारच तसे’ हा शेजारणीचा टोमणा येतो. म्हणजे कुणीतरी कुणावर तरी करायची गोष्ट, आणि ‘कुणीतरी’ म्हणजे बहुधा आईच. वैशेषिक दर्शनात हा शब्द अगदी वेगळ्या जागी भेटतो. तिथे एकंदर २४ गुण मानले आहेत, त्यांतला एक संस्कार, आणि त्याचे प्रकार तीन : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. बाण धनुष्यातून सुटल्यावर दोरीचा संबंध संपतो, तरी बाण पुढे जात राहतो तो वेगामुळे. पूर्वी अनुभवलेली गोष्ट पुढे कधीतरी आठवते ती भावनेमुळे. फांदी वाकवून सोडली की पुन्हा जागेवर येते ती स्थितिस्थापकामुळे. बघा, यात कुठे उपदेश आहे का? एखाद्या गोष्टीवर काही घडून गेले आणि त्याचा ठसा तिच्यात राहिला, एवढेच. आणि तो ठसा बाणावरही राहतो, फांदीवरही राहतो.

पश्चिमेकडे जॉन लॉकने १६९० साली लिहिले, की मन सुरुवातीला कोऱ्या कागदासारखे असते आणि अनुभव त्यावर लिहीत जातो. आपल्या शिक्षकांच्या तोंडी त्याची ‘कोरी पाटी’ झाली. उपमा सोयीची आहे, कारण पाटी कोरी म्हटली की पेन्सील धरणारा मोठा ठरतो. आम्ही वर्गात वर्षानुवर्षे ती शिकवली. वारल्यांचा लग्नाचा चौक पहिल्यांदा नीट, म्हणजे खाली बसून पाहिला, तेव्हा तिच्याबद्दल शंका येऊ लागली.

आता वारली म्हटल्यावर आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक आहे असे वाटेल, आणि ते साहजिक आहे. चहाच्या कपांवर, कुर्त्यांवर, सोसायटीच्या प्रवेशद्वारावर, स्टेशनच्या भिंतीवर, सगळीकडे ती त्रिकोणी माणसे गोल धरून नाचत असतात. पण ती आली कुठून? लांबून नाही. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे सगळे आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. कल्याणचा माणूस आणि तलासरीचा माणूस एकाच कलेक्टर कचेरीत खेटे घालत होता. फक्त एकमेकांच्या घरी कुणी गेले नव्हते.

वारल्याचे जुने घर कुडाचे. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यांवर शेणमातीचा लेप द्यायचा. लग्न ठरले की भिंत पुन्हा सारवायची, गेरूचा हात द्यायचा. तांदूळ भिजवून वाटायचे, ते पाण्यात कालवायचे आणि बांबूची काडी टोकाला ठेचून तिचा कुंचला करायचा. मग सवाष्णी बसतात आणि चौक लिहितात. हो, ‘काढतात’ नव्हे, ‘लिहितात’ हाच त्यांचा शब्द आहे. मोठ्या चौकटीत पालघाट देवी, म्हणजे झाडाझुडपांची, पिकाची, वाढीची देवता. तिच्याजवळ सूर्य, चंद्र, शिडी, फणी. चौकटीच्या कडांना आडव्यातिडव्या रेषांची इतकी बारीक वीण, की कापड विणले आहे असे वाटावे. शेजारी लहान देवचौक, त्यात पाचशिऱ्या देव. बाहेर झाडे, पाखरे, घोड्यावर बसलेले नवरानवरी, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणारी माणसे. लग्न लावते ती धवलेरी, तीही बाईच. ती गाणी म्हणते आणि त्या गाण्यांतून विधी पुढे सरकतो. चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही.

आता लॉकचा कोरा कागद इथे आणून बघा. ही भिंत कोरी कधीच नसते. खाली काठ्या आहेत, त्यांवर शेणमाती, मागच्या लग्नाचा पुसट पांढरा रंग, धुराची काजळी, आणि या सगळ्यावर आजचा गेरू. बाईने ओढलेली रेषा सरळ जाते की अडखळते हे तिच्या हातावर ठरते, तितकेच भिंतीच्या खडबडीतपणावरही ठरते. शिवाय ती एकटी लिहीत नाही. दोघीतिघी असतात, एकीने धरलेली रेघ दुसरी पुढे नेते.

आणि तिथेच कुठेतरी पोरे असतात. कुणी वाटी धरते, कुणी उगाच मध्ये येते आणि शिव्या खाते. कुणी त्यांना चित्रकला शिकवत नाही. ‘बस इथे, बघ, असा त्रिकोण’ असे म्हणायला कुणाला सवडही नसते. पण पोराच्या कानात धवलेरीचे गाणे जाते, नाकात ओल्या शेणाचा वास जातो, आणि डोळ्यांसमोर एक रिकामा चौकोन हळूहळू भरत जातो. आमच्या मते भावना-संस्कार म्हणतात तो हा.

आणखी एक गंमत आहे. या चित्रांत मूल शोधून पाहा. आपल्या कॅलेंडरांवर आई आणि बाळ अशी दोनच माणसे असतात, मागे एखादा ढग, यशोदा आणि कृष्ण तसे. वारली चित्रात मूल आकाराने लहान, एवढाच फरक. ते नाचणाऱ्यांत असते, शेतात असते, गुरांमागे असते. त्याची आई कोणती हे चित्रावरून सांगता येत नाही. दाटीच इतकी असते, की मूल त्या दाटीतले एक होऊन जाते.

या भिंतीने घडवलेला, आपल्याला नावाने ठाऊक असलेला माणूस म्हणजे जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. तो सात वर्षांचा असताना त्याची आई गेली. त्यानंतर हा मुलगा बोलेनासा झाला. त्याला काही सांगायचे असले, तर तो धुळीत बोटाने चित्र काढून दाखवायचा. हे बरीच वर्षे चालले असे सांगतात. मंडळी, मूल आई घडवते असे आम्ही त्या पालकसभेत म्हणालो होतो. इथे आईच नव्हती. पण आईच्या, आणि आईसारख्या अनेक बायांच्या हातची भिंत त्याच्या डोळ्यांत होती. तोंडची भाषा बंद झाली तेव्हा ती दुसरी भाषा उपयोगी पडली. चौक हे बायांचे काम, पुरुषांनी करायचे ते नव्हे. या मुलाने पुढे ते हाती घेतले, आणि लग्नाची वाट न बघता रोज चित्र काढू लागला.

पुढचे आपण वाचलेले असेल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार गंजाडकडे आले. बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांना कागद नेऊन देणारे तेच हे. त्यांनी वारल्यांना कागद आणि रंग दिला. १९७६ साली जिव्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ला पॅरिसच्या एका मोठ्या जागतिक प्रदर्शनात त्यांचे काम लागले, २०११ला पद्मश्री झाली. १५ मे २०१८ रोजी ते गेले. त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र कुठे पाहायला मिळाले तर जरूर पाहा. कागदभर पसरलेले ते जाळे आम्ही पाहिले तेव्हा चौकाच्या कडेची ती वीण ताबडतोब आठवली.

एक गोष्ट मात्र खटकते. कागद आला तेव्हा पुढे आले ते बहुतेक पुरुष. ज्या बायांच्या हातून हे सगळे आले, त्या भिंतीजवळच राहिल्या. हे केवळ आपल्याकडचे नाही. नायजेरियात इग्बो नावाचा समाज आहे. त्यांच्या बायका ‘उली’ नावाची रेखाचित्रे काढत, अंगावर आणि घरांच्या भिंतींवर. अंगावरची आठवड्याभरात फिकी पडत, भिंतीवरची पावसात धुऊन जात. उचे ओकेके या चित्रकाराची आई अशीच उली काढणारी होती. शहरात जाऊन चित्रकला शिकलेल्या या मुलाने साठच्या दशकात पुन्हा आईच्या रेषेकडे पाहिले आणि ती कागदावर आणली. तिथून इग्बोंच्या आधुनिक चित्रकलेची एक मोठी शाखा निघाली. ओकेके जिव्यांपेक्षा एकाच वर्षाने मोठे. इग्बोंच्यात ‘म्बारी’ म्हणून मातीच्या मूर्तींचे घरही बांधत. त्यात मधोमध भूमातेची, आलाची मूर्ती, अनेकदा मांडीवर मूल घेतलेली. पण भोवती काय असे? देव, जनावरे, बाळंतीण, शिपाई, गोरा साहेब, जे जे गावात दिसते ते सगळे. आई मध्ये आणि अख्खा गाव भोवती. घर पूर्ण झाले की त्याची डागडुजी करत नसत, ते पडू देत. सामान्य माणसाने मूल घडवण्याबद्दल यापेक्षा शहाणे काही म्हटलेले आम्हाला पुस्तकांत फारसे सापडलेले नाही. असो. आपण तलासरीला परत येऊ, कारण भिंतीचे गुणगान करून थांबलो तर आमच्याकडून पुन्हा तीच चूक होईल, फक्त आईच्या जागी परिसर येईल.

परिसर म्हणजे झाडे, पाखरे, तारपा आणि चांदणे, असे शहरी माणसाला वाटते. ज्या लग्नासाठी हा सुंदर चौक लिहिला जात होता, त्या लग्नाचा खर्च कोण करत होते? वारल्याकडे पैसा नसे. जमीन बहुतेक सावकार-जमीनदारांच्या घशात गेलेली. मग नवरा मुलगा जमीनदाराकडे जाई, लग्नापुरते पैसे उचली, आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबे. तो एकटाच नाही, बायकोही. याला ‘लग्नगडी’ म्हणत. हिशेब जमीनदाराच्या वहीत आणि वारल्याला अक्षर येत नाही, तेव्हा तो हिशेब कधी संपणार? पुष्कळदा तो आयुष्यभर संपत नसे. म्हणजे पाहा, एकाच लग्नाचे दोन लेख आहेत. एक सवाष्णींनी भिंतीवर लिहिला, वाढीचा, पिकाचा, पोराबाळांचा. दुसरा जमीनदाराच्या मुनीमाने वहीत लिहिला. पहिला लेख पोराला घरात दिसे. दुसरा त्याला दिसत नसे, पण घरातली आई आणि बाप दिवसभर कुठे असतात हे त्या दुसऱ्या लेखावरच ठरत असे.

पैशाअभावी जोडप्याने आधी संसार थाटायचा आणि लग्नविधी पुढे जमेल तेव्हा करायचा, हेही त्या समाजात होत आले आहे. आईबापांच्या लग्नात मुले हजर, असे म्हटले की आपल्याकडे भुवया वर जातात. जाऊ देत. त्या मुलांनी आपल्याच आईबापांचा चौक लिहिला जाताना पाहिला, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.

या दुसऱ्या लेखाची गोष्ट आपल्या दारातूनच सुरू होते. टिटवाळा म्हटले की आपल्याला महागणपती आणि अंगारकीची रांग आठवते. कल्याणहून शहाड, आंबिवली, टिटवाळा, तिसरेच स्टेशन. १९४५च्या जानेवारीत त्या टिटवाळ्याला शेतकऱ्यांची मोठी परिषद भरली आणि महाराष्ट्रातल्या किसान सभेची स्थापना झाली. उंबरगाव भागातले काही वारली त्या परिषदेला आले होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथून त्यांच्या भागात गेले. २३ मे १९४५ला तलासरीजवळ झरी गावात हजारो आदिवासी जमले आणि वेठ करायची नाही, असे ठरले. लग्नगडी सुटू लागले. पुढे गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच माणसे मेली. गोदूताईंनी हे सगळे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिले आहे. १९७० साली ते आले आणि १९७२ला त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. राजकारण म्हणून ते बाजूला ठेवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. मूल कसे घडते याचे पुस्तक म्हणूनही ते वाचता येते. आईबाप वेठीला गेलेल्या घरातले मूल काय बघत मोठे होते? बापाला मारलेले बघते. बाप मार खाऊन गप्प बसलेला बघते. तोही संस्कारच आहे, वैशेषिकांच्या अर्थाने तर नक्कीच.

त्या वर्षी जिव्या ११ वर्षांचा होता. झरी त्याच्याच तालुक्यातली.

आणि तेच वर्ष, १९४५. तिथून फार लांब नाही, समुद्राकाठी बोर्डीला ताराबाई मोडक येऊन राहिल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केलेल्या या बाई, वय पन्नाशी ओलांडलेले. माँटेसोरीची पद्धत खेड्यातल्या, गरिबाच्या मुलापर्यंत नेता येईल का, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या. अनुताईंचे लहानपणी, तेराव्या वर्षी लग्न झाले होते आणि सहा महिन्यांत वैधव्य आले होते. त्या काळच्या परिसराने त्यांचे काय करायचे ते जवळजवळ ठरवून टाकले होते. ते तसे झाले नाही. फांदी वाकली होती, ती सरळ झाली, एवढेच आम्ही म्हणतो, कारण या बाईंबद्दल बोलायला लागलो की आमचे भान सुटते.

बोर्डीला त्यांनी बालवाडी काढली. मुले येईनात. मग त्यांनी केले काय, तर बालवाडीच मुलांच्या वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली सतरंजी टाकायची, मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच ‘अंगणवाडी’. माँटेसोरीची महागडी साधने कुठून आणणार? चिंचोके, शिंपले, बिया, काड्या, दगड जमवले. मोजायला शिंपले काही कमी प्रतीचे नसतात. १९५६-५७च्या सुमारास हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले, थेट वारल्यांच्या पाड्यांमध्ये. तिथे अडचण आणखी वेगळी निघाली. सहा-सात वर्षांचे पोर शाळेत कसे येणार? ते गुरे राखायला जाते. गुरे राखायला जात नसेल तर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसते, कारण आई मजुरीला गेलेली असते.

इथे आपल्यासारख्यांचा नेहमीचा उपाय ठरलेला असतो. आईबापांना बोलवायचे आणि शिक्षणाचे महत्त्व समजावून सांगायचे. आम्ही डोंबिवलीत तेच केले होते. कोसबादला त्यांनी पोर कुठे आहे ते पाहिले. पोर कुरणात आहे? मग शाळा कुरणात. शिक्षक गुरांमागे गेला, गुरे चरत असतील तेवढ्या वेळात शिकवले. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. पोराच्या कडेवर भावंड आहे? मग भावंडासाठी पाळणाघर, थोड्या मोठ्यांसाठी बालवाडी आणि शेजारीच प्राथमिक शाळा, सगळे एका आवारात. तिचे नाव ‘विकासवाडी’. म्हणजे थोरली बहीण वर्गात बसली तरी तिला धाकट्याचे रडणे ऐकू येईल इतक्या जवळ. ही केवळ दयाबुद्धी नव्हती. मुलाचे दिवसाचे घड्याळ कोण चालवते, हे त्यांनी आधी पाहिले आणि मग शाळेची घंटा त्या घड्याळाला लावली. भल्याभल्या शिक्षणतज्ज्ञांना हे सुचलेले नाही.

परुळेकर आणि मोडक-वाघ यांची वाट एक नव्हती, स्वभावही एक नव्हता. एका बाजूला लाल बावटा, दुसऱ्या बाजूला गाणी आणि शिंपले. आमच्या कानावर दोन्हीकडच्या चाहत्यांचे एकमेकांबद्दलचे टोमणेही आलेले आहेत. ते राहू दे. आज ८० वर्षांनी दोघांकडे एकत्र पाहिले, तर एकाने आईबापांचे हात कर्जातून सोडवायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्याने ते हात सुटेपर्यंत मुलाला एकटे पडू दिले नाही, असे आम्हाला दिसते. नुसती बालवाडी असती आणि लग्नगडीची पद्धत तशीच राहिली असती, तर शिंपले मोजायला शिकलेले मूल पुढे लग्नाच्या वेळी पुन्हा त्याच वहीपाशी गेले असते. आणि वही फाडली गेली पण बालवाडी नसती, तर निदान एक पिढी तरी तशीच अंगणात बसून राहिली असती.

‘अंगणवाडी’ हा शब्द मग सरकारनेही घेतला. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. आज देशभर, मराठी न येणाऱ्या गावांतसुद्धा, हाच आपला शब्द चालतो. बोर्डीच्या अंगणाने देशाला शब्द दिला, याचा अभिमान वाटतो. पण तिथे काम करणाऱ्या सेविकेला सरकार पगार देत नाही, ‘मानधन’ देते, कारण कागदोपत्री ती मानसेवी. मानाने पोट भरत असते तर या सभागृहातल्या निम्म्या प्राध्यापकांनी निवृत्तिवेतन परत केले असते. दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या या बाईचे स्वतःचे मूल त्या वेळात कुठे असते, हे आपण विचारत नाही.

आणि आपली ही शहरे? कल्याण-डोंबिवलीचे घड्याळ रेल्वे चालवते. सकाळी लोकल पकडायला धावणाऱ्या आया फलाटावर उभ्या असताना मुले आजीकडे, शेजारी, नाहीतर कुणाच्या तरी फ्लॅटच्या हॉलमध्ये चाललेल्या पाळणाघरात असतात. फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता वीस वर्षांचा. नाही, लग्नगडी आणि गृहकर्ज यांची तुलना करणे आम्हाला शोभणार नाही. बँकेचा माणूस चाबूक घेऊन येत नाही आणि आपल्याला पासबुक वाचता येते. पण आईबाप घरी किती वाजता येणार हे एका वहीवरून ठरते, एवढे तरी साम्य आहे. त्याच फ्लॅटच्या भिंतीवर एखादे वेळी वारली चित्र टांगलेले असते, चौकटीत, काचेमागे. मूल ते बघत मोठे होते. बोट लावले तर ओरडा बसतो.

घरकाम करणाऱ्या बाईचे काय, तर तिला पाळणाघरही परवडत नाही. आपल्या घरी ती आली म्हणून आपल्या घरातली बाई लोकल पकडू शकते. तिचे मूल मग चाळीत, थोरल्या बहिणीच्या कडेवर. कोसबादला जी मुलगी होती तीच ही, फक्त टेकडी नाही. शाळांच्या वेळा, पाळणाघरे, नगरपालिकेच्या शाळेत संध्याकाळपर्यंत थांबायची सोय, हे विषय पालकसभेत निघायला हवेत. आमच्या त्या सभेत ते निघाले नाहीत. आम्ही जिजाऊंवर बोलत होतो. जिजाऊंच्या वाड्यावर दाया-दासी होत्या, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

त्या बाईंचा मुलगा आता तिशी ओलांडलेला असेल. आम्ही त्याला पाहिलेले नाही, बाईंचे नावही विचारले नव्हते. त्यांनी ‘कधी’ असे विचारले होते, ‘कसे’ असे नाही, हे लक्षात यायला आम्हाला बरीच वर्षे लागली. आज प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे, आणि अध्यक्षांना आम्ही आधीच विनंती केली आहे की प्रश्न मागच्या रांगेपासून घ्यावेत.